धातू, डीएनए आणि प्लेटिंगची टाकी

वागळे इस्टेटच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला 'प्लेटिंग' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नळाची तोटी, मोटारसायकलचे हँडल, दाराची कडी, मशीनचा रॉड यांच्यावर जी आरशासारखी चकाकी असते, ती बहुतेक वेळा क्रोम प्लेटिंगची असते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार वागळे इस्टेटमधूनच सुरू झाला. पुढच्या काळात किसननगर, इंदिरानगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या वस्त्यांतल्या माणसांनी इथल्या गाळ्यांत आयुष्य काढले. आता काचेच्या आयटी इमारती उभ्या राहिल्या, तरी लहान गाळ्यांतले वेल्डिंग, बफिंग, पॉलिश आणि प्लेटिंग काही पूर्ण थांबलेले नाही.

या वेळच्या आरोग्य पानावर एकच प्रश्न घेऊ. टाकीतला धातू श्वासावाटे माणसाच्या पेशीत गेला, तर तिथे जाऊन नेमके काय करतो? 'कॅन्सर होतो' हे उत्तर आपण ऐकलेले असते. पण कसा होतो हे कळले नाही, तर माणूस एक तर उगाच घाबरतो किंवा 'मला तर वीस वर्षांत काही झाले नाही' म्हणून विषय सोडून देतो. दोन्हींत नुकसान आपलेच. म्हणून थोडे विज्ञान समजून घेऊ. दहावीच्या पुस्तकातले जेवढे आठवते तेवढे पुरे आहे.

डीएनएच्या अंगावरचा प्रभार

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्याचे चित्र सगळ्यांनी पाहिलेले आहे. पीळ दिलेल्या दोरीच्या शिडीसारखे ते दिसते. शिडीच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या साखर आणि फॉस्फेट यांच्या बनलेल्या असतात. त्यांना आपण कणा म्हणू. मधल्या पायऱ्या म्हणजे बेसच्या जोड्या. ॲडेनिनची जोडी थायमिनशी, ग्वानिनची जोडी सायटोसिनशी. कोणते प्रथिन कसे बनवायचे याची माहिती या पायऱ्यांच्या क्रमात असते.

कण्यातल्या प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण प्रभार असतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. माणसाच्या एका पेशीत साधारण ६०० कोटी पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी एकेक फॉस्फेट, म्हणजे सुमारे १२०० कोटी ऋण प्रभार. सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात हे आपण शाळेत शिकलो. मग सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल असा हा धागा, एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेल्या केंद्रकात मावतो कसा?

तो मावतो, कारण त्याच्याभोवती धन प्रभार असलेल्या कणांची गर्दी असते. धातूच्या अणूने एखाददुसरा इलेक्ट्रॉन गमावला की त्याचा धन आयन होतो. मीठ पाण्यात विरघळले की सोडियमचे आयन सुटतात, ते असे. पेशीत सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे आयन असतात. ते डीएनएच्या कण्याजवळ गोळा होतात आणि त्याचा ऋण प्रभार झाकतात. सोडियमच्या आयनावर एकच प्रभार असतो, तरी तेवढ्यानेही कण्यावरचा जवळपास तीन चतुर्थांश प्रभार झाकला जातो. मॅग्नेशियमवर दोन प्रभार असतात, त्यामुळे त्याचे काम अधिक पक्के. उरलेली गुंडाळणी हिस्टोन नावाची प्रथिने करतात. त्यांच्यावरही धन प्रभार असतो आणि रिळावर दोरा गुंडाळावा तसा डीएनए त्यांच्यावर गुंडाळला जातो. मीठ काढून टाकलेल्या पाण्यात डीएनए ठेवला, तर थोड्याशा उष्णतेनेही त्याचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात.

रोझलिंड फ्रँकलिन ही संशोधक लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये डीएनएची क्ष-किरण छायाचित्रे काढत होती. तिच्यासमोर होता तो डीएनएचा सोडियम क्षार. भोवतालच्या हवेतला दमटपणा कमी-जास्त केला की त्याच धाग्याची ठेवण बदलते, हे तिने दाखवले. कोरडा असताना एक रूप, ओला असताना दुसरे. १९५२ मधले तिच्या प्रयोगशाळेतले प्रसिद्ध छायाचित्र या ओल्या रूपाचे आहे. म्हणजे डीएनएचा आकार त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. त्याच्याभोवती किती पाणी आहे आणि कोणते आयन आहेत, यावरही तो ठरतो.

घरी करून पाहा

हे डोळ्यांनी पाहता येते. विहारातल्या अभ्यासवर्गात किंवा महिला मंडळात मुलांना घेऊन जरूर करा. एक पिकलेले केळे काट्याने कुस्करा. अर्धा कप पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा भांडी घासायचे लिक्विड घालून ते केळ्यात मिसळा. फेस येऊ न देता हळू ढवळा आणि दहा मिनिटे ठेवा. स्वच्छ फडक्यातून गाळून पाणी काचेच्या ग्लासात घ्या. मेडिकलमध्ये मिळणारे सर्जिकल स्पिरिट आधी फ्रीजमध्ये थंड करून ठेवा आणि ग्लासच्या कडेने अगदी हळूहळू ओता. दोन थर दिसतील. त्यांच्या मधोमध पांढरट, कापसासारखे तंतू वर येतील. त्यात केळ्याचा डीएनए आहे.

लिक्विडने पेशीचे आवरण फोडले. मिठातल्या सोडियमने डीएनएचा ऋण प्रभार झाकला. वरून स्पिरिट आल्यावर सोडियम डीएनएला आणखी घट्ट चिकटला, धागे एकमेकांना ढकलेनासे झाले आणि त्यांचा गुंता तयार झाला. स्पिरिट पेट घेते, म्हणून हा प्रयोग गॅस आणि दिवा यांच्यापासून लांब करा, आणि ग्लास मुलांच्या तोंडाला लागू देऊ नका.

कण्याला धरणारे आणि पायरीला धरणारे

सगळे धातू डीएनएला सारख्या ठिकाणी धरत नाहीत. मॅग्नेशियम आपल्याभोवती पाण्याचे सहा रेणू बाळगून असतो आणि बहुतेक वेळा त्या पाण्यामार्फतच कण्याच्या फॉस्फेटशी जोडला जातो. धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. पायऱ्यांना तो फारसा हात लावत नाही. त्यामुळे शिडी स्थिर राहते. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल करणारे जे एन्झाइम असते, त्याला प्रत्येक नवा बेस जोडताना मॅग्नेशियमचे आयन लागतातच. बाजरी, नाचणी, राजगिरा, शेंगदाणे, डाळी आणि हिरव्या पालेभाज्या यांतून तो आपल्याला मिळतो. नेहमीचे जेवण नीट असेल तर वेगळ्या गोळ्या लागत नाहीत.

जस्ताचे, म्हणजे झिंकचे काम वेगळे. डीएनएची माहिती वाचणाऱ्या अनेक प्रथिनांना बोटासारखा आकार असतो आणि ते बोट झिंकच्या आयनामुळे ताठ राहते. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे पी-५३ नावाचे प्रथिनही झिंकशिवाय नीट काम करत नाही.

तांबे मात्र फॉस्फेटवर थांबत नाही, पायरीतल्या बेसलाही धरते. परीक्षानळीत डीएनएमध्ये मॅग्नेशियम घातला तर शिडी घट्ट होते, तांब्याचे आयन घातले तर सैल होते. इथे कोणी विचारेल, मग तांब्याच्या लोटीतले पाणी? शरीरात तांबे मोकळे फिरत नाही. प्रथिने ते आपल्या ताब्यात ठेवतात आणि जिथे गरज तिथेच सोडतात. परीक्षानळीतले जसेच्या तसे शरीराला लावता येत नाही. धातू कोणता, कोणत्या रूपात, किती आणि शरीरात कोणत्या वाटेने आला, हे सगळे एकत्र पाहावे लागते. ही कसोटी पुढे क्रोमला लावायची आहे. त्याआधी एक धातू असा पाहू, जो डीएनएला मुद्दाम वाकवण्यासाठी शरीरात सोडला जातो.

सलाईनमधला प्लॅटिनम

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये ज्यांच्या घरातले कोणी उपचारासाठी गेले असेल, त्यांनी सिस्प्लॅटिन हे नाव ऐकलेले असते. तोंडाचा, घशाचा, गर्भाशयमुखाचा, फुप्फुसाचा अशा अनेक कॅन्सरमध्ये ते देतात. या औषधाच्या मध्यभागी प्लॅटिनम धातूचा एक अणू असतो.

त्याचा शोध योगायोगाने लागला. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. विजेसाठी त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या होत्या. जिवाणू लांबच लांब वाढू लागले, पण त्यांचे विभाजन होईना. वीज कारण नव्हती. पट्ट्यांमधून द्रवात उतरलेले प्लॅटिनम कारण होते. द्रवाचे भांडे, वीज आणि पाण्यात उतरणारा धातू, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीत असते तेच सगळे तिथे होते. १९७८ मध्ये अमेरिकेत हे औषध म्हणून मंजूर झाले.

ते काम करते ते असे. प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड जोडलेले असतात. रक्तात क्लोराइड भरपूर असते, म्हणून तिथे औषध बरेचसे जसेच्या तसे राहते. पेशीच्या आत क्लोराइड कमी असते. तिथे गेल्यावर औषधातले क्लोराइड सुटतात, त्यांच्या जागी पाणी येते आणि प्लॅटिनमवर धन प्रभार येतो. मग तो डीएनएकडे ओढला जातो आणि पायरीतल्या ग्वानिनला घट्ट धरतो. बहुतेक वेळा शेजारी-शेजारी असलेले दोन ग्वानिन तो एकत्र बांधतो. त्यामुळे तेवढ्या जागी शिडी ३० ते ६० अंशांनी वाकते. नक्कल करणारे एन्झाइम तिथे अडते. पेशी दुरुस्तीचा प्रयत्न करते आणि जमले नाही तर स्वतःला संपवते. कॅन्सरच्या पेशी सतत विभाजन करत असल्याने हा मार त्यांना जास्त बसतो.

टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यापर्यंत पुढे गेलेल्या ८५० स्त्रियांवर याचा अभ्यास केला. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फक्त रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर ४६ टक्के हयात होत्या. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के. शंभरातल्या या आठ स्त्रिया म्हणजे आठ घरे. प्लॅटिनमने डीएनए वाकवल्याचा हा फायदा आहे.

पण ती पकड निरोगी पेशींनाही सोडत नाही. म्हणून हे औषध देताना आम्ही नर्स भरपूर सलाईन चढवतो, लघवी मोजतो, कानात आवाज येतो का, हातपायांना मुंग्या येतात का, हे विचारतो. या औषधाने मूत्रपिंडातून मॅग्नेशियम वाहून जातो, म्हणून सलाईनमध्ये मॅग्नेशियम मिसळावा लागतो. ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई या औषधाला चालत नाही, कारण दोन धातूंची रासायनिक क्रिया होऊन औषध वाया जाते. घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस रुग्णाची उलटी, लघवी किंवा भिजलेले कपडे हाताळताना घरच्यांनी हातमोजे घालावेत, कपडे वेगळे धुवावेत.

म्हणजे डीएनएला धरणारा हा धातू देताना मिलिग्राममध्ये डोस ठरतो, रक्त तपासले जाते, रुग्णाची सही घेतली जाते, आणि जवळ डॉक्टर व नर्स असतात. आता टाकीजवळ जाऊ.

क्रोमच्या टाकीत काय होते

क्रोम प्लेटिंगच्या टाकीत गडद लाल रंगाचे क्रोमिक ॲसिड पाण्यात विरघळवलेले असते. त्यात वस्तू टांगून वीज सोडतात. या पद्धतीत विजेचा साधारण १० ते २० टक्केच भाग क्रोम बसवण्यात खर्च होतो. उरलेल्या विजेने मुख्यतः पाण्याचे वायू होतात. त्यांचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर ॲसिडचे बारीक थेंब हवेत उडतात. टाकीवर जे धुके दिसते ते हेच. हँगर लावणारा आणि काढणारा हेल्पर या धुक्यातच वाकलेला असतो.

क्रोमियमची दोन रूपे इथे ओळखून ठेवावीत. क्रोमियम-३ आणि क्रोमियम-६. टाकीतले ॲसिड क्रोमियम-६ चे असते, लेबलवर त्याला हेक्झाव्हॅलंट म्हणतात. शरीराला ते फसवते. क्रोमेटचा आकार सल्फेटसारखा असतो आणि सल्फेट तर पेशीला हवे असते. म्हणून सल्फेट आत घेण्याच्या वाटेने पेशी क्रोमेटलाही आत घेते. क्रोमियम-३ ला ही वाट मिळत नाही, ते बहुतांशी बाहेरच राहते.

आत गेल्यावर क्रोमियम-६ थेट डीएनएला धरत नाही. पेशीतले व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथायोन त्याला इलेक्ट्रॉन देतात आणि टप्प्याटप्प्याने त्याचे क्रोमियम-३ होते. बाहेर निरुपद्रवी वाटणारे हे क्रोमियम-३ आता आत अडकले आहे आणि त्याच्यावर तीन धन प्रभार आहेत. ते डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटला धरते, ग्वानिनलाही धरते. एका हाताने डीएनए आणि दुसऱ्या हाताने व्हिटॅमिन सीचा रेणू किंवा एखादे अमिनो आम्ल धरून ते डीएनएला जोड लावते. कधी प्रथिनच डीएनएला चिकटवते, कधी शिडीचे दोन पदर एकमेकांना बांधते. मॅग्नेशियम धरतो आणि सोडतो, क्रोमियम धरले की सहसा सोडत नाही. नक्कल करताना एन्झाइम तिथे अडते, धागा तुटतो, चुकीचा बेस बसतो. अशा चुका वर्षानुवर्षे साठत गेल्या आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकात पडल्या, तर कॅन्सरची सुरुवात होते.

क्रोमच्या रंगाच्या कारखान्यातल्या कामगाराला नाकाचा कॅन्सर झाल्याची पहिली नोंद स्कॉटलंडमध्ये १८९० साली झाली. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने क्रोमियम-६ आणि निकेलची संयुगे या दोन्हींना माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. प्लेटिंगमध्ये क्रोमच्या आधी बहुधा निकेलचा थर देतात, म्हणजे त्याच गाळ्यात दोन्ही असतात. निकेल आणि कॅडमियम हे डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांच्या कामात अडथळा आणतात. विडी-सिगारेटच्या धुरातही कॅडमियम असते. टाकीजवळ काम करून विडी ओढणाऱ्याच्या पेशीत एकीकडे बिघाड होतो आणि दुसरीकडे दुरुस्ती मंदावते.

आता मघाची कसोटी लावा. स्टीलच्या डब्यात क्रोमियम असते, निदान दहा-अकरा टक्के. नळाच्या तोटीवरही असते. पण तिथे ते घट्ट धातूच्या रूपात असते. स्टीलच्या भांड्यात जेवायला काही हरकत नाही. तेच स्टेनलेस स्टील वेल्डिंगच्या उष्णतेत वितळले, की धुरात क्रोमियम-६ तयार होते. म्हणून फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत स्टेनलेसचे वेल्डिंग करणाऱ्यांनीही हा लेख आपला समजावा. सिमेंटमध्येही थोडे क्रोमियम-६ असते. नाक्यावरून बांधकामाला जाणाऱ्या बाया-माणसांच्या हाताला खाज, भेगा आणि चट्टे येतात, त्याचे एक कारण हे आहे.

दूध, गूळ आणि लिंबू

अनेक कारखान्यांत 'धुराचा त्रास होऊ नये' म्हणून कामगाराला दूध किंवा गूळ देण्याची पद्धत आहे. दूध आणि गूळ खायला चांगलेच, पण फुप्फुसात गेलेला क्रोम त्यांनी बाहेर येत नाही. दूध पोटात जाते, थेंब फुप्फुसात जातात.

व्हिटॅमिन सीबद्दल विशेष सांगायला हवे. पेशीच्या बाहेर, म्हणजे जठरात किंवा फुप्फुसाच्या ओलाव्यात, ते क्रोमियम-६ चे क्रोमियम-३ करते आणि त्याला पेशीत शिरण्याआधीच रोखते. पण पेशीच्या आत तीच क्रिया झाली, तर तयार झालेले क्रोमियम-३ डीएनएला चिकटते. म्हणून आवळा, लिंबू, पेरू आहार म्हणून जरूर खा. गोळ्या घेऊन धुक्यात उभे राहता येते, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. धुके नाकापर्यंत येऊच नये, याला दुसरा पर्याय नाही.

लक्षणे आणि तपासणी

कॅन्सर व्हायला बहुधा वीस-वीस वर्षे लागतात. नाक आणि कातडी मात्र खूप आधी इशारा देतात. पुढच्या गोष्टींकडे लक्ष ठेवा.

नाकातून वरचेवर रक्त येणे, आत खपली धरणे, नाकाने श्वास घेताना शिटीसारखा आवाज येणे. क्रोमच्या धुक्याने नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते आणि ते बहुधा दुखत नाही. न दुखल्यामुळे कित्येकांना ते कळतही नाही. डॉक्टरांना टॉर्चने नाकाच्या आत पाहायला सांगा.

बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला किंवा मनगटावर गोल, खोल खड्ड्यासारखी जखम होणे. हा क्रोमचा व्रण. तोही फारसा दुखत नाही आणि लवकर भरत नाही.

दम लागणे, कामाच्या दिवशी खोकला वाढणे आणि सुट्टीत कमी होणे, जुन्या खोकल्याचे स्वरूप बदलणे, थुंकीत रक्त येणे. यातले शेवटचे दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

दवाखान्यात केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'नोकरी' किंवा 'मजूर' एवढेच लिहिले जाते. तंबाखू खाता का हे विचारतात, काम कोणते करता हे विचारतातच असे नाही. म्हणून आपणच सांगा, 'डॉक्टर, मी क्रोम प्लेटिंगमध्ये अमुक वर्षे टाकीवर होतो.' काम सोडून पंधरा वर्षे झाली असली तरी सांगा. एका वहीत कारखान्याचे नाव, साल, कोणत्या टाकीवर काम, कोणते रसायन हे लिहून ठेवा. ठेकेदार बदलतो, गाळा बंद होतो, मग पुरावा म्हणून ही वहीच उरते. काम संपल्यावर लघवीतले क्रोमियम मोजण्याची चाचणीही असते, गरज असेल तर डॉक्टर ती लिहून देऊ शकतात.

आपल्या मुलांच्या डीएनएत हे उतरते का, असा प्रश्न बाया नेहमी विचारतात. फुप्फुसाच्या पेशीत झालेला बदल मुलांकडे जात नाही. पण कपड्यांवरून घरात आलेले क्रोम लहान मुलाच्या हातातोंडाशी जाऊ शकते. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत, घरी आणलेच तर बाळाच्या कपड्यांसोबत भिजवू नयेत.

क्रोमिक ॲसिड अंगावर सांडले तर कपडे ताबडतोब काढा, वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि तडक हॉस्पिटलमध्ये न्या. जखम लहान दिसली तरी कातडीतून शोषले गेलेले क्रोम मूत्रपिंड निकामी करू शकते.

काय मागायचे

१९४८ च्या कारखाने कायद्याने क्रोमचा व्रण हा सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत घातला. म्हणजे असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने कळवायचे असते. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या कामासाठी हवेतल्या क्रोमिक ॲसिडची मर्यादा क्रोमियमच्या हिशेबात दर घनमीटरला ०.०५ मिलिग्राम ठेवली गेली. अमेरिकेतही पूर्वी जवळपास तेवढीच होती. २००६ मध्ये त्यांनी ती ०.००५ वर आणली, म्हणजे दहापट कडक केली. तिथल्या आणि इथल्या कामगाराच्या फॉस्फेटवरचा प्रभार सारखाच आहे, मग मर्यादेत फरक का, हा प्रश्न आपल्या संघटनांनी विचारला पाहिजे.

१९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने क्रोमियममुळे होणारे रोग व्यावसायिक रोगांत धरले. सलग सहा महिने असे काम केलेल्या विमाधारकाला तो रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे मानले जाते. ज्या आदारकर अहवालावर ही योजना उभी राहिली, तो १९४४ मध्ये सादर झाला आणि त्या वेळी मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. वागळे इस्टेटमधले कामगार हॉस्पिटल याच योजनेचे. पण त्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेला गाळा आणि ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही तो हेल्पर या योजनेत येत नसत. त्यांच्यासाठी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा होता, आणि त्याच्याही यादीत क्रोमियमचे रोग होते. दोन्हीकडे पहिली अडचण एकच येते, कामावर असल्याचा पुरावा. म्हणून विम्याचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, गेटपास, जे काही मिळेल ते जपून ठेवा.

मालकाकडे मागायच्या गोष्टी फार नाहीत. टाकीच्या काठालाच धुके ओढून घेणारा एक्झॉस्ट. द्रवावर फेसाचा थर धरणारे रसायन किंवा तरंगणारे प्लास्टिकचे गोळे, म्हणजे थेंब कमी उडतात. लांब रबरी हातमोजे, एप्रन, गमबूट आणि नाकावर घट्ट बसणारा कार्ट्रिजचा मास्क. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कोविडच्या काळातला निळा मास्क या धुक्याला पुरत नाही. हात धुवायला वाहते पाणी आणि जेवायला टाकीपासून लांब जागा. ठरावीक काळाने नाक आणि हात यांची तपासणी. जिथे शक्य असेल तिथे क्रोमियम-३ वर चालणारे प्लेटिंग, कारण त्याचे धुके पेशीत सहज शिरत नाही. हे सगळे एकट्याने मागितले तर कामावरून काढण्याची भीती असते, म्हणून चौघांनी मिळून मागावे. ऐकले नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

हे पान वाचून झाल्यावर आपल्या चाळीत, नात्यात कोण प्लेटिंगला किंवा स्टेनलेसच्या वेल्डिंगला होते, ते आठवा. त्यांना नाकातून रक्त येते का, बोटांवर न भरणारी जखम आहे का, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर 'हो' आले तर त्यांना डॉक्टरकडे पाठवा, आणि कामाची वही सोबत द्या.